‘बघू’ म्हणाले आणि घरी आले

रविवार, रात्री

उपासना संपल्यावर तो दाराशी थांबला होता. “ताई, संडेस्कूलला पुन्हा शिकवायला यायचं म्हणतोय.” मी “बघू” म्हणाले. ‘बघू’चा अर्थ शेंबड्या पोरालाही कळतो. त्यालाही कळला. मान हलवून गेला.

दोन वर्षांपूर्वी नाताळच्या कार्यक्रमाला आठ दिवस उरले असताना त्याने अंग काढून घेतलं. कपाटाची किल्ली दुसऱ्याच्या हाती पाठवून दिली, सोबत एक शब्द नाही. संवाद अर्धवट पाठ झालेले मेंढपाळ आणि रुसलेले देवदूत माझ्या गळ्यात. क्षमा केली असं मी प्रार्थनेत किती वेळा म्हटलंय! देवाला सांगितलंय, त्याला नाही.

संध्याकाळी पवित्र शास्त्रातलं लूकने लिहिलेलं ‘प्रेषितांची कृत्ये’ काढून बसले. खरं तर माझ्या बाजूचं वचन शोधायला. 15वा अध्याय माहीतच होता. पौल आणि बर्णबा सुवार्ता सांगायला निघाले त्या पहिल्या फेरीत त्यांचा मदतनीस मार्क पंफुल्यातून अर्ध्यावरच परत गेला होता, म्हणून दुसऱ्या वेळी पौलाने त्याला बरोबर घ्यायला साफ नकार दिला. बर्णबा त्याला घेऊन कुप्राला (सायप्रसला) गेला, पौल सीलाला घेऊन निघाला. इथवर मला फार बरं वाटत होतं. सेवा म्हणजे पोरखेळ नव्हे, वगैरे.

मग टीकाग्रंथ उघडला आणि तिथे पंचाईत झाली. त्या दोघांच्या कडाक्याच्या वादासाठी लूकने वापरलेला ग्रीक शब्द आहे पॅरॉक्सिस्मॉस. आणि करिंथकरांस पहिल्या पत्रात (13:5) प्रीती चिडत नाही असं पौल लिहितो, तिथलं क्रियापद त्याच शब्दाच्या कुळातलं. हा अध्याय लग्नांत इतक्यांदा ऐकलाय की तो कोणीतरी शांत, गोड माणसाने लिहिला असावा असंच वाटायचं. लिहिणारा तर सख्ख्या सोबत्याशी भांडून वेगळा झालेला! गंमत म्हणजे इब्री लोकांस पत्रात (10:24) एकमेकांना प्रीती आणि सत्कर्मांसाठी चेतवा असं आहे, तिथेही हाच शब्द. म्हणजे माणूस चेतायचा तर चेततोच. कशासाठी, एवढाच प्रश्न.

आणि बर्णबा. यरुशलेमेत शिष्य शौलाला, म्हणजे पूर्वी त्यांचा छळ करणाऱ्या या पौलालाच, घाबरून लांब राहत होते, तेव्हा त्याला प्रेषितांकडे घेऊन जाणारा हाच. पौल हे विसरला असेल का? मार्क बर्णबाचा भाऊबंद होता, तेव्हा आतड्याचा ओढा असेलही. (हे वाक्य मी पौलाची बाजू राखायला लिहितेय. म्हणजे माझीच.)

तीमथ्याला लिहिलेलं दुसरं पत्र शेवटी वाचलं. पौल बंदिवासात, मरण समोर दिसतंय. सोबती देमास सोडून गेलाय, जवळ फक्त लूक. पौल काय काय मागवतो? त्रोवसला राहिलेला झगा, पुस्तकं, आणि मार्क. सेवेसाठी तो मला उपयोगी आहे म्हणतो. मी आजवर हे वाचून मार्क किती सुधारला असं म्हणत आले. मधल्या वर्षांत पौलात काय बदललं, हा प्रश्न डोक्यातच आला नाही.

माझं आत्मिक वाढीचं मोजमाप ठरलेलं आहे: वर्षाला पूर्ण पवित्र शास्त्र, पहाटेची प्रार्थना, उपवास. यातलं काही चुकलेलं नाही. पण गलतीकरांच्या पत्रात देहाची ‘कर्मे’ अनेकवचनी आहेत आणि आत्म्याचं ‘फळ’ एकच. सहनशीलता, ममता, सौम्यता, सगळं मिळून एक. त्यातला इंद्रियदमनाचा तुकडा तेवढा कापून घेऊन मी मिरवत होते.

नऊ वाजता त्याला फोन केला. “पुढच्या रविवारपासून ये. लहान मुलांचा वर्ग घे.”

तो जरा वेळ गप्प होता. मग म्हणाला, “ताई, तेव्हा घरी...”

“राहू दे रे ते,” मी घाईने म्हटलं. मोठेपणाच वाटला तो मला. फोन ठेवल्यावर लक्षात आलं, तो कारण सांगत होता. दोन वर्षांत मी एकदाही विचारलं नव्हतं, आणि आज सांगू लागला तर ऐकलं नाही.

उद्या पुन्हा फोन करायचा आहे. कपाटाची किल्ली अजून माझ्याच पर्समध्ये आहे. तिच्याबद्दल मी काही बोलले नाही, त्यानेही विचारलं नाही.