बंदीतले बाबा

१ जूनला यांत्रिकी होड्यांची मासेमारी बंद होते आणि आमच्या वेंगुर्ल्याकडच्या वाडीत एकाएकी बाप दिसायला लागतात. एरवी ते असतात म्हणजे काय, तर दोरीवर वाळणारी पँट आणि काळोखात वाजलेली कडी. मासळीची वीण व्हावी म्हणून ३१ जुलैपर्यंत समुद्र मोकळा सोडायचा. तोवर होड्या वर ओढलेल्या, अंगावर ताडपत्री, आणि बाप ओटीवर जाळी शिवत बसलेले.

त्यांना पाहूनच मला वाचनालयाच्या पडवीत दर रविवारी ‘बाबा आणि मूल’ हस्तकला वर्ग घ्यायची हुक्की आली. पहिल्या रविवारी फळ्यावर ‘कार्यशाळा’ लिहिलं, ती चूक. कार्यशाळा म्हटल्यावर माणसं फॉर्म भरायच्या तयारीने येतात, नाहीतर येतच नाहीत. तिघे आले. त्यातल्या दोघांनी छत्री न मिटताच सांगितलं, ‘‘ह्याका सोडून जातंय, बारा वाजता येतंय.’’ पुढच्या वेळी नुसतं ‘भिरभिरं करूया’ लिहिलं, तर नऊ जोड्या!

आयांनी विचारलंच, आमच्यासाठी कधी? म्हटलं, तुमच्यासाठी हीच. दोन तास घरात कोणी नाही, झोपा.

सामानाला पैसा लागत नाही. वाऱ्याने पाडलेली माडाची हिरवी चुडतं, म्हणजे झावळ्या, अंगणात असतातच. पात हिरापासून, म्हणजे मधल्या काडीपासून, सोलायची, दोन पट्ट्या एकमेकींत अडकवून चौफुला करायचा आणि मधोमध हीर ओवायचा. कात्र्या तेवढ्या विकत आणल्या. नियम एकच ठेवला होता: कात्री मुलाच्या हातात, बाबाने फक्त धरायचं. हा नियम पाच मिनिटंसुद्धा टिकला नाही.

त्यात एक तांडेल होते. भर समुद्रात ज्यांच्या एका शब्दावर सगळे खलाशी हलतात, ते गृहस्थ सात वर्षांच्या लेकीपुढे मांडी घालून बसले आणि सवयीने सुरू झाले, ‘‘धर! ओढ! आता सोड!’’ पोरीने थोडा वेळ ऐकून घेतलं. मग पट्टी मागे घेतली आणि म्हणाली, ‘‘पप्पा, माका करूंदे. तुमी हात लावू नकात.’’

पडवीत सगळे हसले. तांडेलही हसले, पण त्यांच्या हातांची पंचाईत झाली. जाळीच्या सुताने बोटांवर चरे पडलेले ते हात आधी गुडघ्यावर ठेवले, मग पाठीमागे, शेवटी त्यांनी मुकाट्याने एक पात उचलली. गाठ मारायला त्यांना डोळे उघडे असायचीही गरज नाही. पण त्यांनी नायलॉन ओढावं तशी पात ओढली. टर्रकन फाटली. दुसरीही. तिसरी फाटल्यावर लेक मान वर न करता म्हणाली, ‘‘हळू. ह्या जाळा न्हय.’’

चौथी टिकली. भिरभिरं घेऊन ते दारात उभे राहिले. पावसाचा वारा अंगावर येत होता, पण भिरभिरं ढिम्म. हीर घट्ट ओवलेला. पोरीने तो काढून भोक नखाने जरासं मोठं केलं, हीर परत घातला, आणि ते असं गरगरलं की तांडेलांनी चमकून हात लांब केला. मग दोघं पुढचं करायला बसली. ती शाळेतल्या बाकावरून झालेलं भांडण सांगत होती. त्यांनी एकदाही तिच्याकडे बघितलं नाही, नुसतं ‘‘मगे?’’ म्हणत राहिले. समोर बसवून विचारलं असतं तर पोरीने चकार शब्द काढला नसता, हे मी स्वतःच्या घरातल्या अनुभवावरून सांगते.

कायद्याने १ ऑगस्टला मासेमारी पुन्हा सुरू होते, तरी आमच्याकडे काही घरांत नारळी पौर्णिमेला नारळ सोडल्याशिवाय होडी लोटत नाहीत. यंदा तेवढे रविवार जास्तीचे मिळाले. त्यानंतरच्या रविवारी दोनच बाप आले, एक रिक्षावाले आणि एक पोस्टातले. तांडेलांची लेक एकटीच आली. तिने कात्री घेतली, पट्ट्या कापल्या, आणि बराच वेळ बोटांवर काहीतरी मोजून मला विचारलं, ‘‘काकी, परत बंदी कधी लागतली?’’