कवडशातली धूळ

गेले दोन आठवडे रात्री जेवण झालं की माझं एकच काम चालूय, आजोळच्या माजघरात काचेच्या कौलातून जो कवडसा पडायचा तो गेम इंजिनमधे (थ्रीडी गेम बनवायच्या सॉफ्टवेअरमधे) उभा करणं. भिंती झाल्या, सारवलेली जमीन झाली, ऊनपण छान पडलं, पण धूळ काही केल्या धूळ वाटेना.

पहिल्यांदा सगळे करतात तेच केलं, खोलीभर 20,000 पार्टिकल सोडले, प्रत्येक म्हणजे कॅमेऱ्याकडे तोंड करून असलेला एक बारका चौकोन, आणि घरात बर्फ पडतोय असं दिसायला लागलं. कमी केले, रंग बदलला, तरी बर्फच. मग आठवलं की आजी सुपात तांदूळ पाखडायची तेव्हा कोंडा सगळीकडेच उडायचा पण दिसायचा फक्त उन्हाच्या पट्ट्यात, जरा बाजूला सरकला की गायब. म्हणून आता प्रत्येक कण आधी सूर्याच्या शॅडो मॅपमधे, म्हणजे ऊन कुठे पोचतं आणि कुठे सावली आहे याच्या नकाशात, तपासतो, ऊन लागत नसेल तर काढायचाच नाही. एवढ्यानेच खोली एकदम ओळखीची वाटायला लागली.

दुसरी गोष्ट म्हणजे आपण कुठून बघतोय. उजेडाकडे तोंड असेल तर धूळ चमकते, पाठ असेल तर जवळपास दिसतच नाही, कारण हे कण उजेडाच्या तरंगलांबीपेक्षा बरेच मोठे असतात आणि उजेड बहुतेक पुढच्याच दिशेला विखुरतात. त्यासाठी हेन्ये आणि ग्रीनस्टाइन यांचं 1941 चं सूत्र वापरलं, ते मुळात आकाशगंगेतल्या धुळीसाठी मांडलेलं होतं आणि शेडरमधे, म्हणजे पिक्सेलचा रंग ठरवणाऱ्या छोट्या प्रोग्रॅममधे, एका ओळीत बसतं. ताऱ्यांमधल्या धुळीचं गणित माजघरातपण चालतं, मला हे फार म्हणजे फारच आवडलं!

हालचालीला जास्त वेळ गेला. नुसतं रँडम ढकललं तर चिलटं वाटतात. 10 मायक्रॉनचा (मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढा) कण स्थिर हवेत सेकंदाला जेमतेम काही मिलिमीटर खाली येतो, म्हणजे तो पडत नाही, हवा नेईल तिकडे जातो. मग ब्रिडसन वगैरे संशोधकांचा 2007 चा कर्ल नॉइज घेतला, म्हणजे हवेसारखा भोवरेदार प्रवाह गणिताने बनवायची पद्धत, त्यातला प्रवाह कुठे दाटत नाही की विरळ होत नाही त्यामुळे कण एका जागी साचत नाहीत, नुसते वळसे घेत राहतात. वेग मात्र वाटतो त्याच्या निम्म्याने कमी ठेवा.

आणि लांबचे कण पिक्सेलपेक्षा लहान झाले की कॅमेरा हलताना लुकलुकतात, तिथे आकार एक पिक्सेलच्या खाली जाऊ द्यायचा नाही आणि जेवढा फुगवला तेवढा पारदर्शक करायचा.

काल आईला व्हिडिओ दाखवला. बराच वेळ बघत बसली, मग म्हणाली कवडसा जात्यापर्यंत सरकला की आम्ही पानं मांडायचो. माझा सूर्य एकाच जागी होता, आता तो फिरवायला बसलोय, धूळ शॅडो मॅपच्या मागे आपोआप जाईल.