व्यस्त प्रमाणातली कॉफी

हॉटेलच्या खोलीचं भाडं आणि त्या खोलीत सकाळी मिळणारी कॉफी यांचं प्रमाण व्यस्त असतं, असं माझं जुनं मत आहे. भाडं वाढत जातं तशी गादी जाड होते, उशांची संख्या वाढते, टॉवेलचे हंस होतात आणि कॉफी मात्र पातळ होत जाते. घरात हे मत कुणी मनावर घेत नाही, कारण नवरा चहावाला. चहावाल्यांचं जगात कुठेही भागतं, असा चहावाल्यांचा समज असतो.

सकाळची कॉफी म्हणजे मी न्याहारीबरोबरची म्हणत नाही. ती कुठेही मिळते, पण तिच्यासाठी आधी माणसांत यावं लागतं. मी म्हणते ती त्याच्या आधीची. केस विंचरायच्या आधीची, चुरगळलेल्या गाऊनवरची, अनोळखी माणसाला ‘गुड मॉर्निंग’ म्हणायचं बळ अंगात यायच्या आधीची. ती प्यायला खाली उतरायचं असेल तर आंघोळ नाही तरी निदान कपडे करावे लागतात, आणि एकदा का माणूस कपडे करून लिफ्टमध्ये उभा राहिला की त्या कॉफीचं निम्मं काम वाया गेलेलं असतं.

म्हणून हॉटेलवाले खोलीत ट्रे ठेवतात. लाकडी ट्रे, त्यात काळी किंवा स्टीलची केटल, पालथे घातलेले दोन कप, साखरेच्या पुड्या, दूध पावडरीच्या पुड्या, कुणीही न मागितलेला ग्रीन टी आणि कॉफीच्या दोन पुड्या. एकेका पुडीत दीड-दोन ग्रॅम कॉफी. ज्यानं कोणी हे प्रमाण ठरवलं तो कॉफी पिणारा नसावा.

अंधारात उठून केटल लावायची म्हणजे सोपं काम नाही. बहुतेक ठिकाणी दाराजवळच्या खाचेत कार्ड घातल्याशिवाय खोलीत वीज येत नाही, आणि कार्ड घातलं की नवऱ्याच्या डोक्यावरच्या दिव्यासकट सगळे दिवे लागतात. केटलची वायर वीतभर, आणि प्लग टीव्हीच्या पाठीमागे. मग केटल टीव्हीशेजारी रिमोट आणि चपट्या मेनूकार्डाच्या मधे बसते. पंधराशे वॅटची असली तर अर्धा लिटर पाणी दोन मिनिटांच्या आत उकळतं, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार आवाजाची. तळाशी तयार होणारे वाफेचे बुडबुडे वरच्या गार पाण्यात शिरून फुटतात, त्याची ती घरघर. पाणी खरोखर उकळायला लागलं की आवाज उलट कमी होतो. म्हणजे सगळी आरडाओरड उकळण्याच्या आधीची. तोवर पलंगावरून ‘विमान कितीचं आहे?’ असा प्रश्न आलेला असतो.

पुढचा पेच दूध पावडरीचा. कडकडीत पाण्यावर ती टाकली की तिचे गोळे होतात आणि कपाच्या कडेनं तरंगत राहतात. यावर माझा उपाय घरचाच. कपात आधी कॉफी आणि साखर घ्यायची, चार थेंब पाणी घालून चमच्यानं फेटायची. चमचा नसतोच, लाकडी काडी असते, तिनं फेटायची. रंग फिकट बदामी झाला की त्यातच पावडर कालवायची आणि मग धारेनं पाणी. इतकं केल्यावर जे तयार होतं ते बरं असतं. फार चांगलं म्हणवत नाही.

मी त्यात जायफळही किसते. एक जायफळ आणि बोटभर किसणी माझ्या पर्समध्ये असतेच. मराठी घरातली कॉफी म्हणजे दूध जास्त, साखर जास्त, आणि वर जायफळ नाहीतर वेलची. दाक्षिणात्य मैत्रिणी ती कॉफी मानायलाच तयार नसतात, ‘खीर आहे’ म्हणतात, आणि त्यांचं फारसं चुकत नाही. शिवाय तान्ह्या बाळाला झोप लागावी म्हणून बाळगुटीत जे उगाळतात, तेच जायफळ आम्ही जागं होण्यासाठी प्यायच्या पेयात घालतो. यातला विरोधाभास आमच्या कुठल्याही पिढीला कधी टोचलेला नाही.

पुडीला सरसकट नावं ठेवणं बरं नाही, हेही सांगते. नेसकॅफे १९३८ साली स्वित्झर्लंडमध्ये बाजारात आली, ती ब्राझीलमध्ये साठून राहिलेल्या कॉफीचं करायचं काय या प्रश्नातून. अडचणीतून निघालेली वस्तू अडचणीलाच कामी येते. लेहला, साडेतीन हजार मीटरवर, पाणी अठ्ठ्याऐंशी अंशांच्या आसपासच उकळतं. तिथे चहा नीट उतरत नाही, चहावाल्यांचे चेहरे पाहण्यासारखे होतात. पुडी मात्र निमूट विरघळते. तेवढं एक ठिकाण सोडलं तर घरच्या वादात मला जिंकू देणारं दुसरं ठिकाण पुडीनं मिळवून दिलेलं नाही.

आता माझ्या सिद्धांताचं दुसरं टोक. म्हैसूरला गांधी स्क्वेअरच्या आसपास आम्ही एका जुन्या लॉजवर उतरलो होतो. खाली शाकाहारी हॉटेल, वर खोल्या. भिंतींना पिस्ता रंगाचा ऑइलपेंट, बाथरूममध्ये बादली आणि मग, गरम पाणी ठरावीक वेळेत, ती टळली की गारच. ट्रे, केटल यांचा प्रश्नच नाही, कारण त्या ठेवायला टेबल नव्हतं. सकाळी सहाच्या सुमाराला दारावर टकटक आणि आवाज, ‘काफी बेका?’ माझं कानडी ‘बेकु’ आणि ‘साकु’ या दोन शब्दांवर उभं आहे, पण त्या वेळी एकच पुरला. दार किलकिलं केलं, हात बाहेर काढला आणि हातात स्टीलचा पेला आला, खाली वाटी, वर फेस. रूम बॉयनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्याला आणखी सोळा दारं वाजवायची होती.

ती कॉफी कशी होती हे लिहायला मी इतका वेळ थांबलेय आणि आता लिहिता येत नाही. गरम होती, कडू होती, आणि कडूपणाच्या मागोमाग दुधाची गोडी येत होती. तिच्यामागे पहाटेपासूनची खटपट असते. फिल्टरच्या वरच्या भांड्यात पूड दाबून बसवायची, उकळतं पाणी ओतायचं, आणि मग घाई करायची नाही. थेंब थेंब डिकॉक्शन, म्हणजे कॉफीचा दाट अर्क, खाली उतरायला पंधरा-वीस मिनिटं तरी जातात. दूध मात्र ऐन वेळी उकळतं हवं. पुडीत चिकोरी, म्हणजे एका मुळाची भाजलेली पूड, असते म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावं की या कॉफीतही बहुतेकदा ती असतेच, दाटपणा आणि रंग तिचाच. कॉफी-चिकोरीच्या मिश्रणात किमान ५१ टक्के कॉफी हवी एवढाच कायद्याचा आग्रह आहे. म्हणजे फरक चिकोरीचा नाही. सहाला कॉफी हवी असेल तर कुणीतरी पाचला उठलेलं असावं लागतं, फरक तो आहे.

दुसऱ्या दिवशी खाली हॉटेलात नवऱ्यानं स्वतःहून ‘वन बाय टू’ मागितली. एक कॉफी दोघांत वाटून घ्यायची ही कर्नाटकातली पद्धत आहे. वाटून झाल्यावर त्यानं पुन्हा एक वन बाय टू मागितली आणि त्यातली सगळीच स्वतः प्यायला. हे मी इथे मुद्दाम नोंदवून ठेवतेय.

मोठ्या हॉटेलात हे का जमत नाही? रूम सर्व्हिस आहेच की, असं कुणी म्हणेल. आहे. फोन केला की ‘पंधरा-वीस मिनिटं, मॅम’ असं उत्तर येतं. ती संपतात तेव्हा चाकांच्या टेबलावर पांढरं कापड, किटली, छोट्या बरणीत दूध, फुलदाणीत एक फूल आणि सही करायला बिल असा सगळा सरंजाम येतो. त्याच्यासमोर चुरगळलेल्या गाऊनमध्ये उभं राहायला धीर लागतो. तिथे किलकिल्या दाराची सोय नाही.

पण सगळ्यात मोठा धक्का मला चिकमगळूरला बसला. बाबा बुदन नावाच्या सूफी संतानं सतराव्या शतकात येमेनमधल्या मोखाहून कॉफीच्या सात बिया लपवून आणल्या आणि इथल्या डोंगरात लावल्या, अशी आख्यायिका आहे. डोंगराला त्याचंच नाव आहे, बाबा बुदनगिरी. आमचं रिसॉर्ट बागेच्या मधोमध होतं. सिल्व्हर ओकवर चढलेले मिरीचे वेल, त्यांच्या सावलीत कॉफीची झुडपं, फांद्यांना चिकटलेली लाल फळं, तोडणी चालू असलेली. खिडकीतून हात लांब केला तर फांदी लागेल. आणि खोलीत? लाकडी ट्रे, पालथे कप, दोन पुड्या. मी रिसेप्शनवर विचारलं. तिथला मुलगा सज्जन होता. म्हणाला, ‘मॅडम, चांगली सगळी एक्स्पोर्ट होते.’

अगदी सगळी होत नाही, पण निम्म्याहून जास्त भारतीय कॉफी देशाबाहेर जाते हे खरं, आणि तिचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक इटली. एस्प्रेसोला जो जाड फेस येतो त्यासाठी तिकडच्या मिश्रणांत आपली रोबस्टा जातीची कॉफी घालतात. त्यामुळे पुढे रोममध्ये खोलीत शिरल्यावर मी आधी ट्रे शोधला. ट्रे नव्हता. इटलीत साध्या हॉटेलांच्या खोल्यांमध्ये केटल सहसा नसतेच. कॉफी खोलीत करून प्यायची वस्तू आहे हेच त्यांना मान्य नाही. खाली उतरायचं, कोपऱ्यावरच्या बारमध्ये काउंटरशी उभं राहायचं, दोन घोटांत संपवायची आणि चालू लागायचं. बसलात तर जास्त पैसे. मी गाऊनवर लांब कोट चढवून उतरले. शेजारी सूट घातलेला एक गृहस्थ उभा होता, त्यानं ढुंकूनही पाहिलं नाही. कॉफी अप्रतिम होती. चिकमगळूरची असेल असं मी धरून चालले.

अमेरिकेत मात्र माझा नियम चालत नाही. तिथे मोटेलपासून मोठ्या हॉटेलपर्यंत कॉफी सारखीच. छोटं ड्रिप मशीन असतं, कितीदा तर बेसिनच्या कट्ट्यावर, टूथब्रशशेजारी. त्यातून कॉफीच्या वासाचं पाणी बाहेर पडतं. महागड्या हॉटेलांत हल्ली कॅप्सूलची यंत्रं आली आहेत, त्यांतून बरी कॉफी मिळते, हेही कबूल. तेवढ्यानं सिद्धांत मोडत नाही. अपवादांवर मी विचार करतेय.

तोवर सोय म्हणून मी एक छोटा स्टीलचा फिल्टर सामानात टाकायला लागलेय. रात्री झोपताना डिकॉक्शन लावून ठेवायचं. दूध कुठून आणायचं हा प्रश्न राहतोच. ते केटलमध्ये तापवू नये, उतू जाऊन सगळ्या कट्ट्यावर पसरतं, आणि नंतर येणाऱ्या प्रवाशाच्या चहाला चार दिवस दुधाचा वास येतो.

पुड्या मी अर्थातच घरी आणते. भाड्यात धरलेल्या असतात, सोडायच्या कशाला. स्वयंपाकघरात त्यांचा एक डबा झालाय. मुंबईच्या पावसाळ्यात त्यांतल्या निम्म्या दगड होतात. उरलेल्या ‘मी चहा सोडलाय’ असं जाहीर करणाऱ्या पाहुण्यांच्या वाट्याला जातात. त्यांतल्या बऱ्याच जणांनी पुढच्या खेपेला चहा पुन्हा सुरू केलेला असतो.