अडतीस कोटींची एक संख्या

शाळेच्या आठवणी लिहायच्या आहेत. स्नेहसंमेलन, सहल आणि छडी यांवर बाकीचे लिहितीलच, म्हणून मी एका संख्येवर लिहितो : ३८१६५४७२९. गणिताच्या सरांनी ती आम्हाला सांगितली नव्हती, शोधायला लावली होती.

फळ्यावर अट एवढीच होती. १ ते ९ हे अंक एकेकदाच वापरून नऊ अंकी संख्या करा. तिच्या पहिल्या दोन अंकांच्या संख्येला २ ने, पहिल्या तीन अंकांच्या संख्येला ३ ने, असं करत अख्ख्या संख्येला ९ ने निःशेष भाग गेला पाहिजे. हे अंक मांडायच्या तऱ्हा ३,६२,८८०. हुशार मंडळी लगेच भागाकारांना भिडली. सर म्हणाले, "आधी कुठला अंक कुठे बसूच शकत नाही ते बघा."

९ ची अट तर फुकटातच पुरी होते, कारण सगळ्या अंकांची बेरीज ४५. शून्य नाही, म्हणजे पाचव्या जागी ५ च. दुसऱ्या, चौथ्या, सहाव्या आणि आठव्या जागी सम अंक लागतात, म्हणून उरलेल्या जागा विषमांच्या. आता ४ ची कसोटी : तिसरा अंक विषम असल्याने चौथा २ किंवा ६ च हवा. ८ च्या कसोटीने आठव्या जागेचंही तेच. मग ४ आणि ८ दुसऱ्या-सहाव्या जागी ढकलले जातात. पहिल्या तीन अंकांना आणि पहिल्या सहा अंकांना ३ ने भाग जातो, म्हणून मधल्या त्रिकुटाची बेरीजही ३ च्या पटीत हवी. ते त्रिकूट २५८ किंवा ६५४, तिसरं नाही! बाकीचे विषम अंक याच कसोट्यांनी बसवले की साडेतीन लाखांवरून आपण थेट दहा संख्यांवर येतो.

त्या दहांत ९८७६५४३२१ सुद्धा आहे. आम्ही सगळे तिच्याच बाजूने होतो, इतकी देखणी संख्या चुकेल कशी? पण ७ उरला होता. सातासाठी चटकन वापरता येईल अशी कसोटी नाही. ज्या आहेत त्यांच्यापेक्षा सरळ भागाकार बरा, असं माझं आजही मत आहे. ९८७६५४३ ला ७ ने भागलं, बाकी ५. देखणी बाद. एकेक करत नऊ गळाल्या आणि ३८१६५४७ ÷ ७ = ५४५२२१, बाकी शून्य. एकच उरली. शेवटी ० लावा, ३८१६५४७२९० ला १० नेही भाग जातो आणि दहाही अंक एकेकदा येतात.

अंक पुन्हा वापरायची मुभा दिली तर हा खेळ बराच लांब जातो, हे मला कॉलेजात कळलं. दहाव्या अंकापर्यंत अडत नाही : ० ते ९ पैकी एखादा अंक बसतोच. अकराव्यापासून मात्र कधी कधी एकही बसत नाही, आणि पुढे पुढे वाटा बंद होत जातात. पंचवीस अंकांपर्यंत एकच संख्या पोचते : ३६०८५२८८५०३६८४००७८६०३६७२५. तिला सव्विसावा अंक कुठलाच जोडता येत नाही. ही शोधायला संगणक बरा. नऊ अंकीला मात्र एक तास, फळा आणि खडू पुरतो.