तेवीस अनोळखी

मंगळवार, रात्री पावणेदोन

झोपायला हवं होतं. उद्या लवकर उठायचंय हे बारा वाजल्यापासून स्वतःला चार वेळा बजावून झालं. पण एक शब्द टोचत राहिलाय. वाक्यसुद्धा नाही, नुसता ‘हीलर?’, पुढे प्रश्नचिन्ह लावून. लिहून टाकते, म्हणजे निदान कूस तरी बदलता येईल.

फायनल फँटसी फोर्टीन या ऑनलाइन गेममध्ये रोज अलायन्स रेडची, म्हणजे बऱ्याच जणांनी मिळून मोठे राक्षस मारायच्या मोहिमेची, रूलेट लावता येते. आपण फक्त बटण दाबायचं. कुठली रेड आणि कोणाबरोबर, ते गेम ठरवतो. २४ जण गोळा होतात, आठ-आठांचे तीन गट पडतात. प्रत्येक गटात एक टँक, म्हणजे मार अंगावर घेणारा, दोन हीलर, म्हणजे बाकीच्यांना जिवंत ठेवणारे, आणि पाच जण नुसते झोडपणारे. मी व्हाइट मेज, म्हणजे हीलर. सोबत ओळखीचं कोणी नसतं. गेलं वर्षभर मी एकटीच जाते.

पूर्वी आमचा ठरलेला ग्रुप होता. बुधवार आणि शनिवार, रात्री साडेनऊ. आठातला एक जरी आला नाही तरी बाकीचे सात खोळंबायचे, आणि मग कारणं, समजुती, रुसवे. एकदा ताप आला होता तरी बसले, कारण ‘तुझ्यामुळे सगळ्यांची रात्र वाया जाईल’. गेम खेळताना रजेचा अर्ज करावा लागतो हे तेव्हा पहिल्यांदा कळलं. अर्थात आमचं दुखणं काहीच नव्हे. २००४ मध्ये वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट हा गेम आला तेव्हा त्यातल्या मोल्टन कोअर या रेडसाठी ४० माणसं एका वेळी एका जागी आणावी लागत. त्याच्याही आधी एव्हरक्वेस्ट या गेममधल्या गिल्डांनी, म्हणजे खेळाडूंच्या मंडळांनी, लुटीवरून भांडणं नकोत म्हणून प्रत्येकाच्या हजेरीचे गुण मांडायला सुरुवात केली होती, ‘ड्रॅगन मारल्याचे गुण’. चक्क हिशेबाच्या वह्या! त्यामुळे २०११ मध्ये वॉरक्राफ्टमध्ये रेड फाइंडर आला, बटण दाबलं की २५ अनोळखी हजर, तेव्हा जुन्या लोकांनी नाकं मुरडली असतील ती असोत, मला मात्र ती सोय काढणाऱ्याचे पाय धरावेसे वाटतात.

अनोळखी लोकांचं एक बरं असतं. अर्ध्या तासापुरतंच देणंघेणं. तू मला जिवंत ठेव, मी तुला ठेवते, मग ‘गुड गेम’ आणि पांगापांग. त्या ‘गुड गेम’लासुद्धा भाषा लागत नाही. चॅटमध्ये तयार वाक्यं असतात, आपण निवडलेलं वाक्य समोरच्याला त्याच्या भाषेत दिसतं. जपानी, इंग्रजी, जर्मन, फ्रेंच. मराठी नाही, पण असती तरी मी ‘नमस्कार’ एवढंच निवडलं असतं.

तर आज लॅबिरिंथ ही रेड लागली, क्रिस्टल टॉवरच्या तिघींपैकी एक. म्हणजे नेहमीचंच. क्रिस्टल टॉवरच्या तिन्ही रेड २०२० पासून मुख्य कथेतच सक्तीच्या केल्यात, त्यामुळे त्या सगळ्यांकडे उघडलेल्या असतात आणि दहातल्या आठ वेळा याच लागतात असं वाटतं. दोन हात, एक कान आणि अर्धा मेंदू पुरतो. मी पॉडकास्ट लावून बसले होते.

आत गेल्यावर पट्टी आली: गटातल्या कोणीतरी ही रेड अजून पूर्ण केलेली नाही, पूर्ण झाली की सगळ्यांना जास्तीचं बक्षीस. आमच्यात एक भालेवाला होता, डोक्यावर हिरवा कोंब. नवख्यांना गेम हे चिन्ह लावतो, ‘शिकाऊ चालक’ची पाटी लावतात तसं. ही बक्षिसाची युक्ती मला फार आवडते. नवा माणूस आला की जुने कुरकुरणार हे बनवणाऱ्यांनी गृहीतच धरलं आणि कुरकुर आधीच विकत घेऊन टाकली. विकतचा समजूतदारपणा खरा की खोटा, असा प्रश्न मला पूर्वी पडायचा. आता पडत नाही. मरून पडलेल्याला कोणी का उठवलं याच्याशी घेणं नसतं, उठवलं ना, बस.

हाडांचा ड्रॅगन पडला, थानाटोस पडला. कोंब दोन्हीकडे एकेकदा मेला, मी उठवला, त्याने वाकून नमस्काराची इमोट केली. गोड वाटलं. मग पुढचा राक्षस, किंग बेहेमथ.

याचं गणित सोपं आहे. उल्का येऊन जमिनीत रुततात. मग तो मोठा उल्कापात बोलावतो, तेव्हा त्या रुतलेल्या दगडांच्या आडोशाला उभं राहायचं. आडोसा घेतला की वाचलात, उघड्यावर राहिलात की संपलात. ज्याला माहीत आहे त्याला सोपं. कोंबाला माहीत नव्हतं, आणि सांगायचं कोणाच्या मनातही आलं नाही. माझ्याही नाही. आपण बाविसाव्यांदा आलोय म्हणून सगळेच बाविसाव्यांदा आलेत असं धरून चालतो आपण.

एकाला उठवायला २४०० मॅना, म्हणजे जादूची शक्ती, लागतो. पूर्ण भरलेली टाकी १०,००० ची. म्हणजे चार माणसं, आणि हाती उरतात ४००, ज्यात जेमतेम एक साधी मलमपट्टी होते. शिवाय उठवायला आठ सेकंद एका जागी उभं राहावं लागतं. ‘स्विफ्टकास्ट’ असेल तर चुटकीसरशी होतं, पण एकदा वापरलं की ते परत भरेपर्यंत वाट बघायची. उठलेला माणूस पुढची १०० सेकंद अशक्त. लगेच परत मेला की आणखी अशक्त.

पहिल्या उल्कापातात कोंब आणि आणखी एक गेला. दोघांना उठवलं. मग दुसरी हीलर कशाच्या तरी खाली आली, तिला उठवलं. तेवढ्यात कोंब परत आडवा. स्विफ्टकास्ट भरलेलं नव्हतं. बेहेमथची उल्कापाताची पट्टी भरायला लागली होती आणि डावीकडे सात-आठ पावलांवर दगड होता. मी आठ सेकंदांचं सुरू केलं. होईल असं वाटलं. खोटं कशाला लिहू, वाटलं वगैरे काही नाही. तो सारखा वाकून नमस्कार करत होता म्हणून केलं. टँकच्या जिवाची पट्टी संपत चाललेली दिसत होती. त्याच्यावर एक घाव भरायची कळ दाबून दगडामागे जायचं, एवढंच करायचं होतं.

मी उघड्यावर मेले. दुसरी हीलर नुकतीच उठलेली, अशक्त, तिला टँक सावरता आला नाही. बेहेमथने त्याला दोन फटक्यांत लोळवला. आणि जमिनीवर पडल्या पडल्या टँकने टाइप केलं: ‘हीलर?’

पॉडकास्ट बंद केला.

राग आला नाही, हे विशेष. बरोबरच होतं त्याचं. आणि हाच शब्द मीही लिहिलाय. दोनेक वर्षांपूर्वी मी काळ्या जादूवाली खेळायचे, झोडपणाऱ्यांपैकी. तेव्हा इतरांच्या पट्ट्यांकडे बघायचं कामच नव्हतं. मेले की माझा पहिला प्रश्न, हीलर कुठे मेलाय? तेव्हा ‘हीलर’ हे माणसाचं नाव वाटायचं नाही, नळाचं वाटायचं. पाणी का येत नाही?

त्याहून वाईट गोष्ट आहे, ती इथे लिहिलेली बरी. मागच्या महिन्यात एका रेडमध्ये सलग दोन वाइप झाले, म्हणजे दोनदा सगळेच मेले, एकजण चॅटमध्ये वाट्टेल ते बोलायला लागला, आणि मी उठून गेले. कोणाला न सांगता. मधूनच गेलं की गेम ३० मिनिटं रांगेत उभं राहू देत नाही. ती ३० मिनिटं मी भांडी घासली. नेट गेलं म्हणून सांगता आलं असतं, पण सांगायचं कोणाला? तेच तर. अनोळखी माणसांना खोटं कारणही द्यावं लागत नाही, आणि त्यामुळे ते प्रकरण संपतही नाही. ओळखीच्यांच्यात असते तर दुसऱ्या दिवशी बोलणी खाल्ली असती, हसून सोडून दिलं असतं. त्या शिव्या देणाऱ्याला सोडा, पण गटातल्या बाकीच्या सहा जणांनी माझ्या जागी दुसरी हीलर येईपर्यंत किती वेळ वाट बघितली, हे मला कधीच कळणार नाही.

तर मी पडलेली. आता अ गटाचा टँक बेहेमथला सांभाळत होता. आणि स्क्रीनवर खिडकी उघडली: तुम्हाला उठवलं जातंय, मान्य? उठवणारा क गटातला. ज्याच्याशी माझा काही संबंध नाही, ज्याच्या स्वतःच्या गटात दोघं मेलेले होते. त्याने त्यांच्याआधी मला उठवलं, का तर एक हीलर उठली की ती आणखी चौघांना उठवते. शुद्ध गणित. ते त्याला करता आलं आणि मला नाही. मी उठले, दगडामागे गेले, आधी टँक उठवला. मग कोंब.

कोंबाने तयार वाक्यांतलं ‘सॉरी’ पाठवलं. टँकने काहीच नाही.

शेवटचा फ्लेगेथॉन. इथे तीन गटांच्या तीन चकत्या असतात, त्याच्या मोठ्या आगीआधी प्रत्येक चकतीवर चौघांनी उभं राहायचं. या वेळी मी शहाणी झाले होते. चकतीवर जाऊन नुसत्या उड्या मारायला लागले. या गेममध्ये उडी म्हणजे ‘इकडे ये’, ही भाषा मात्र सगळ्यांना येते. कोंब आला. उभा राहिला. आग येऊन गेली, कोणी मेलं नाही. सगळे परत मारायला धावले, कोंब चकतीवरच. लढाई संपेपर्यंत तो तिथून हललाच नाही, एकटाच टुणटुण उड्या मारत होता. रात्री एक वाजता मी एकटी खोलीत फिस्सकन हसले.

संपल्यावर खिडकी येते: गटातल्या एकाला कमेंड, म्हणजे शाबासकी, द्या. मला क गटातल्या त्याला द्यायचं होतं. यादीत फक्त आपल्याच गटातली सात नावं येतात. चॅटमध्ये थँक्यू लिहीपर्यंत तो गेलेलाही होता. मग दुसऱ्या हीलरला दिलं, ती माझ्यापेक्षा जास्त वेळा मेली होती तरी.

बाहेर पडल्यावर दिसलं, मलाही एक कमेंड आलंय. कोणाकडून ते गेम सांगत नाही. कोंब बहुतेक अजून शेवटचा सीन बघत बसला होता, त्याला ती खिडकी सापडली असेल की नाही कोण जाणे. टँकने दिलं असेल?

छे.