मुऱ्हा म्हैस, लांबचा प्रवास आणि आमचे गूळपाणी

मार्चमध्ये हरियाणातील रोहतकहून आणलेल्या दोन मुऱ्हा म्हशी ट्रकमधून उतरल्या, तेव्हा आबांनी घमेल्यात गूळपाणी कालवून ठेवलेच होते. करवीर तालुक्यातील आमच्यासारख्या घरांत विकतचे जनावर दारात आले की गूळपाणी आणि कणकेचा गोळा हा त्याचा मान ठरलेला, आणि गूळ घरच्या गुऱ्हाळाचा असल्यामुळे हात आखडण्याचा प्रश्नच नव्हता. थोरल्या म्हशीने तीन किलो गूळ आणि दोन किलो कणीक चाटूनपुसून संपवली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती रवंथ थांबवून, पोट तटतटलेल्या अवस्थेत, पातळ आंबूस शेण टाकत उभी होती.

डॉक्टरांनी नळीने पोटात सोडा सोडला, शिरेतून सलाईन लावले आणि मग आबांना न दुखावता, पण स्पष्टपणे, आमची चूक समजावली. दीड हजार किलोमीटरहून अधिक अंतर उभ्याने कापताना जनावराचे ५ ते १० टक्के वजन घटते. पाचशे किलोच्या म्हशीत ही घट २५ ते ५० किलोंची होते. त्यातील काही भाग निव्वळ रिकाम्या झालेल्या पोटाचा असतो, तो वैरणीने भरून येतो; उरलेले असते ते रक्तातून आणि मांसातून गेलेले पाणी. वाटेत जनावर आधी कोटीपोटातील, म्हणजे रवंथ करणाऱ्या जनावराच्या चार पोटांपैकी पहिल्या व सर्वांत मोठ्या पोटातील, पाणी उपसून वापरते, आणि चारा न मिळाल्याने तेथील पचन करणारे सूक्ष्मजीवही अर्धमेले झालेले असतात. अशा पोटात एकदम गोड पडले की ते आंबते, आम्ल साठते आणि तो दाट झालेला ऐवज रक्तातीलच पाणी पोटात ओढून घेतो. म्हणजे तहानलेल्या जनावराला आपण आणखी कोरडे करतो!

मग हगवण लागलेल्या रेडकाला साखर-मिठाचे पाणी का चालते, हा आबांचा प्रश्न मला रास्त वाटला. रेडकू पीत असताना ते पाणी अन्ननलिकेच्या पन्हाळीतून बरेचसे कोटीपोट टाळून चौथ्या पोटात उतरते आणि पुढे आतड्यात ग्लुकोज सोडियमला व सोडियम पाण्याला सोबत घेऊन रक्तात जाते. पूर्ण वाढलेल्या म्हशीत ती साखर कोटीपोटातच आंबते, आतड्यापर्यंत पोचतच नाही.

ऑक्टोबरमध्ये आणखी तीन म्हशी आणल्या, तेव्हा प्रत्येकीच्या वरच्या पापणीच्या कातडीला चिमटा काढून पाहिला. दोघींची घडी लगेच मोडली. तिसरीची मात्र सावकाश विरली, तिचे डोळेही खोल गेले होते आणि हिरड्या बोटाला चिकटत होत्या. तिला दहा-बारा लिटर पाणी दिले, अर्ध्या तासाने पुन्हा तितकेच, आणि त्यानंतर मोकळे सोडले. एकदम भरमसाट पाणी प्यायल्यास, विशेषतः लहान जनावरांत, रक्तपेशी फुटून लघवी लाल होते. गंमत म्हणजे आमच्या सिमेंटच्या हौदाला तिने नुसते हुंगून तोंड फिरवले; नळी बादलीत सोडून धारेचा आवाज केल्यावरच तिने मान घातली. मिठाचे पाणी वेगळ्या बादलीत आणि साधे पाणी शेजारी ठेवले. बाटलीने पाजण्याचा मोह टाळला, कारण ठसका लागून पाणी फुप्फुसात गेले तर वेगळेच दुखणे उभे राहते.

चाऱ्यात दोन दिवस फक्त कडबा होता. उसाचे वाडे तिच्या ओळखीचे नसल्यामुळे ते हळूहळू वाढवले आणि सरकी पेंड तिसऱ्या दिवसापासून मुठीमुठीने सुरू केली. दुसऱ्या दिवशी पहाटे ती बसून रवंथ करू लागली, तेव्हा कुठे आम्हाला हायसे वाटले. आबांनी चौथ्या दिवशी खिशातून सुपारीएवढा गुळाचा खडा काढला, माझ्याकडे पाहिले आणि तिच्या तोंडात घातला.