रॅले चॉपर मार्क २ सायकल : मागचा हब (चाकाच्या मधला, पोटात गिअर असलेला तुंबा) उघडला (काम चालू)

हबच्या कवचावर ठोकलेला शिक्का: एडब्ल्यू (तीन गिअरच्या हबचं मॉडेल), खाली ७३, त्याखाली ५. म्हणजे हब मे १९७३ चा. सायकल त्यानंतर लगेचची असायला हरकत नाही, पण शिक्का हबचा आहे, फ्रेमचा नव्हे. चाक बदललेलं असेल तर तो काहीच सिद्ध करत नाही. बाकी खुणा मार्क २ च्याच: हँडल स्टेमला (हँडल धरणाऱ्या दांड्याला) वेल्ड केलेलं, गिअरला टी आकाराची मूठ, मागे कॅरियर. मार्क १ १९६९ ला आली, अमेरिकेतल्या श्विन स्टिंग-रे सायकलला (१९६३) नॉटिंगहॅमच्या रॅलेचं उत्तर म्हणून. मार्क २ ची सुरुवात १९७२. हब बनवणारी स्टर्मी-आर्चर तेव्हा रॅलेचीच कंपनी, त्यामुळे हबही घरचाच.

तक्रार एकच: दुसऱ्या गिअरमध्ये पेडल मोकळं फिरतं. एडब्ल्यूच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या गिअरच्या मध्ये एक रिकामी जागा आहे. तिथे क्लच (पेडलचा जोर पुढे देणारा सरकता तुकडा) रिंगच्या (आतून दात असलेल्या बाहेरच्या चक्राच्या) दात्यांतून सुटलेला असतो आणि प्लॅनेटच्या (मधल्या चाकाभोवती फिरणाऱ्या छोट्या दातेरी चाकांच्या) पिनांना अजून लागलेला नसतो. केबल सैल पडली की तो नेमका तिथे जाऊन बसतो. दांडीवरच्या गिअर मुठीसमोर बसलेल्या पोराला हा झटका कुठे बसेल ते सांगायला नको.

त्यामुळे हब उघडण्याआधी केबल बघायची. हबात शिरणारी छोटी साखळी हाताने पूर्ण आत फिरवा, मग केबलच्या रेषेत येईल इतकीच, जास्तीत जास्त अर्धा फेरा, मागे घ्या. मूठ दुसऱ्यावर ठेवा. उजव्या नटाच्या भोकातून पाहिलं की साखळी हबातल्या बारीक सळईला जोडते तो खांदा ॲक्सलच्या टोकाशी सपाट दिसला पाहिजे. इथे तो आत होता. केबल ताणल्यावर दुसरा गिअर धरू लागला, पण पहिला मधूनच सुटत राहिला. मग मात्र हब उघडावाच लागला.

उजव्या बॉल रिंगला (छर्रे बसतात त्या कडीला) दोन सुरुवातींचे आटे असतात. काढण्याआधी रिंगवर आणि कवचावर जुळती खूण करा. चुकीच्या आट्यावर बसली तर चाकाचं आऊट नव्याने काढावं लागतं. खाचेत पंच लावून उलट्या दिशेने हातोडीने ठोकली की सुटते. आत जुन्या तेलाचा पिवळा डिंक झालेला, आणि प्लॅनेट ज्यात बसतात त्या केजवरचे दोन्ही पॉल (हबच्या कवचात अडकणारे स्प्रिंगवरचे खटके) त्यात चिकटलेले. स्प्रिंगा ठीक. रॉकेलमध्ये रात्रभर भिजवून ब्रशने धुतलं, पॉल बोटाने दाबून टचकन उसळतात का ते पाहिलं.

प्लॅनेट चार, प्रत्येकी २० दात. मधलं चाक, म्हणजे सन, तोही २०, बाहेरची रिंग ६०. एडब्ल्यूत दात जुळवण्याची भानगड नाही, कसेही बसवा. ग्रीस फक्त छर्ऱ्यांना, पॉलना कधीच नाही. बॉल रिंगमध्ये ३/१६ इंचाचे २४ छर्रे. उजवा कोन (छर्ऱ्यांना दाबून धरणारा शंकूच्या आकाराचा नट) हाताने घट्ट करून अर्धा फेरा मागे, लॉक. पुढची हलहल डाव्या कोनाने काढायची. तेलाच्या टोपीतून एसएई ३० जाडीचं तेल चमचाभर.

पुढचं काम कॉटर पिन (पेडलचा दांडा ॲक्सलला धरणारी खुंटी, साडेनऊ मिलिमीटर) आणि पुढचा टायर. तो १६ x १ ३/८ चा. दुकानात सहज मिळणारा १६ x १.७५ या धावेवर चढत नाही, आकड्यातला १६ सारखा असला तरी.